मातोश्री आणि सातबारा

आमच्या भागात रक्षाविसर्जनाला भाषणं होतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना याचं नवल वाटतं, पण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात यात वेगळं काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी राख सावडून होते, कावळा शिवतो किंवा शिवत नाही, आणि मग पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीपुढे कुणीतरी माइक हातात घेतो. गावचे झाले की तालुक्याचे, तालुक्याचे झाले की जिल्ह्याचे. बायका लांब, बाभळीच्या सावलीत, पदर ओढून बसलेल्या.

गेल्या वर्षी माझी थोरली चुलती गेली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिच्या रक्षाविसर्जनाला सात भाषणं झाली. मला मोजायची वाईट खोड आहे, त्यामुळे 'त्यागमूर्ती' हा शब्द पाच वेळा आला हे लक्षात राहिलं. 'वात्सल्यसिंधू' दोनदा. एका वक्त्याने तिला जिजाऊंच्या पंक्तीत बसवलं आणि पुढच्याच वाक्यात तिचं नाव चुकवलं. मागून कुणीतरी दुरुस्त केलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्यासाठी त्या मातोश्रीच."

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी छापून आल्या. प्रगतशील शेतकरी कै. अमुक यांच्या पत्नी आणि सोसायटीचे माजी चेअरमन तमुक यांच्या मातोश्री यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात तीन मुले, सुना, एक मुलगी, नातवंडे, परतवंडे असा परिवार आहे. या बातमीत खोटं काहीच नाही. फक्त 'प्रगतशील शेतकरी' हा किताब ज्याला लावला तो माझा चुलता आयुष्यातली तीसेक वर्षं तमिळनाडूत होता.

आमच्या पट्ट्याची ही गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. विटा, खानापूर, आटपाडीतली हजारो माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पांगली. भारतातल्या कुठल्याही सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टीजवळ उभं राहून मराठीत हाक मारा, कुणीतरी ओ देतो. पाऊस नाही, जमिनीत पाणी नाही, म्हणून पुरुष बाहेर पडले. जत्रेला आणि दिवाळीला यायचे, महिन्याकाठी मनीऑर्डर करायचे. या धंद्यावर बरंच लिहिलं जातं, मेळावे होतात, सत्कार होतात. मागे राहिलेलं शिवार कोण कसत होतं, म्हशीच्या धारा कोण काढत होतं, पोरांना शाळेत कोण घालत होतं, सोसायटीचा हप्ता कोण भरत होतं, हे मात्र त्या सत्कारात येत नाही. कारण त्याला धंदा म्हणत नाहीत, संसार म्हणतात.

आक्काने बहात्तरच्या दुष्काळात चार पोरं पदरात असताना रस्त्याच्या कामावर खडी फोडली. सुकडी मिळायची तिथे. ती सुकडी ती स्वतः खायची नाही, ओच्यात बांधून घरी आणायची, हे तिची मुलगी अजून सांगते. पुढे विहीर पाडली तीही तिनेच माणसं लावून. चुलता आला तो पाणी लागल्यावर, पूजेला.

आता थोडं थांबून सांगायला हवं की आक्का बिचारी वगैरे नव्हती. अजिबात नाही. तिचा गावात दरारा होता. गावातल्या निम्म्या बाळंतिणींची शेक-शेगडी तिने केली, आणि त्या जोरावर निम्म्या घरांत ती न विचारता आत जायची. नवरा-बायकोच्या भांडणात तिने दिलेला निकाल पंचांच्या वर चालायचा. थोरल्या सुनेला तिने पहिली दहा वर्षं जे बोलून घेतलं ते मी ऐकलेलं आहे आणि ते त्यागमूर्तीच्या तोंडी शोभणारं नव्हतं. लग्नाच्या स्वयंपाकात मीठ किती पडलं हे ती नुसत्या वासावरून सांगायची, आणि आचाऱ्याचं चुकलं तर सगळ्यांसमोर.

तिची एक वही होती, आहेराची. कुणाच्या लग्नात आपल्याकडून काय गेलं, आपल्याकडे काय आलं. सुरुवातीची पानं मुलीच्या अक्षरात, आणि नव्वदीच्या दशकात गावात साक्षरतेचे वर्ग निघाले त्यानंतरची पानं तिच्या स्वतःच्या, टोकदार, ओळ सोडून वर चढणाऱ्या अक्षरात. 'टावेल टोपी १. साडी १ हलकी.' हा 'हलकी' शब्द वाचून मी हसलो होतो. कुणी हलकी साडी दिली हे ती विसरायला तयार नव्हती. म्हणजे जी बाई आयुष्यभर निःस्वार्थ होती असं आम्ही माइकवर सांगितलं, ती देण्याघेण्याचा हिशोब पैन् पै ठेवत होती. तिला हिशोब कळत होता. स्वतःचा मांडायचा नसतो, एवढंच तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. कुटुंबासाठी आणि गावासाठी आयुष्य घालवलेल्या बाईची स्तुती करण्यात आपण मराठी माणसं कंजुषी करत नाही. उलट सढळ आहोत. पण ही स्तुती मेल्यावर होते, तोंडी होते आणि फुकट होते. तिच्या हयातीत जिथे लेखी काही करायची वेळ येते, सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर, पेन्शनच्या नियमात, तिथे आपला हात आखडतो. आणि माझ्या मते या दोन गोष्टी सुट्या नाहीत. आपण तोंडी एवढं देतो ते लेखी द्यावं लागू नये म्हणून.

आक्काची जमीन घ्या. चुलता होता तोवर सातबारा त्याच्या नावावर, शेजारी 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर मदुराईत. तो वारल्यावर वारस नोंद झाली आणि तीन मुलं, मुलगी यांच्याबरोबर आक्काचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर जमिनीची धनीण म्हणून चढलं. तेव्हा ती साठीला टेकलेली. ते नाव फार दिवस टिकलं नाही. टेंभूच्या सिंचन योजनेचं पाणी येणार अशी हवा सुरू झाली, माळाला भाव आला, भावाभावांत वाटप झालं आणि त्या वाटपात आईचं आणि बहिणीचं नाव निघालं. भांडण झालं नाही, फसवणूक म्हणावी असंही काही घडलं नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकड्यावर मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय करायचंय ती जमीन? पोरंच करत्यात की माझं." आणि सही केली. त्या दिवशी तिला स्वतःची सही येत असल्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला होता. साक्षरता वर्गाचा असाही उपयोग.

ही तिची दुसरी सही होती. पहिली, म्हणजे अंगठा, तिने त्याआधी कितीतरी वर्षं माहेरच्या हक्कसोडपत्रावर उठवला होता. भावाने साडीचोळी केली. हक्कसोड न करणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा विधिमंडळाच्या कायद्यापेक्षा जुना आणि मजबूत आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. याचा आपण अभिमान बाळगतो. आणि त्याच महाराष्ट्रात तलाठ्याला फेरफार घालताना बहिणींच्या हक्कसोडीची इतकी सवय झालेली असते की एखादीने नकार दिला तर तो पण दचकतो.

"पण तिनेच सोडलं ना," असं मला सांगितलं जाईल. हो, तिनेच. ज्या बाईला आयुष्यभर 'माझं काय' असं म्हणणं हा दुर्गुण असल्याचं शिकवलं, तिने ऐन सहीच्या वेळी तो दुर्गुण दाखवला नाही, याला तुम्ही संमती म्हणा. मी तिथे होतो, मी काही बोललो नाही, तेव्हा मी स्वतःला यातून सोडवून घेत नाही.

तिची माहेरची आठवण एकच होती, आणि ती सांगताना तिचा आवाज बदलायचा. माहेर कुंडलच्या बाजूचं. पत्रीसरकारच्या दिवसांत रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची, आई उठून चूल पेटवायची, आठ-दहा वर्षांची आक्का काठवटीत पीठ काढून द्यायची. किती भाकरी, कुणासाठी, विचारायचं नाही. पहाटे माणसं उसात गडप. सातारा जिल्ह्यातली ती समांतर सत्ता ४२ ते ४६ अशी चार वर्षं टिकली यात नाना पाटलांचं आणि त्यांच्या साथीदारांचं कर्तृत्व आहेच. पण उपाशी माणूस भूमिगत राहू शकत नाही हेही तितकंच खरं. पुढे १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. अट काय, तर तुरुंगवास, किंवा भूमिगत असल्याचा पुरावा: वॉरंट, फरारी म्हणून जाहीर झाल्याचा कागद, डोक्यावर लावलेलं बक्षीस. भाकरी थापणारीच्या डोक्यावर इंग्रजाने बक्षीस कुठून लावलं असणार? आक्काच्या आईने तसा अर्ज कधी केलाही नाही. आपण काही काम केलं असं तिला वाटलंच नव्हतं.

याच मातीतल्या इंदुताई पाटणकरांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्या याच चळवळीतून आल्या, विशीच्या आत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच पती बाबूजी पाटणकर यांचा खून झाला. कासेगावात त्यांनी मुलगा वाढवला, घर सांभाळलं, आणि ज्या वयात बाईने माळ घेऊन बसावं अशी अपेक्षा असते त्या वयात नवऱ्याने टाकलेल्या बायकांची चळवळ उभी केली. त्या नव्वदी पार करून २०१७ मध्ये गेल्या. त्यांच्यावरही 'माऊली' म्हणून बोलता येईल, बोललंही गेलं. पण त्या चळवळीने काय मागितलं ते बघा. रेशनकार्डावर स्वतंत्र नाव. राहायला जागा. कसायला जमीन. 'परित्यक्तांना समाजाने मान द्यावा' असली गुळमुळीत मागणी नव्हती. कागद मागितला. कागद मिळाला की मान त्याच्या मागून येतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

कोर्टाने या कामाची किंमत काढायचा प्रयत्न केलेला आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरमध्ये एका समारंभाच्या मांडवाला आग लागली, त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येने गेली. नुकसानभरपाई ठरवायचं काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांकडे आलं. गृहिणींच्या सेवेचं मोल त्यांनी वर्षाला १२ हजार रुपये धरलं, म्हाताऱ्या बायकांचं १० हजार. २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आकडे फारच कमी आहेत असं म्हणून ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिन्याला तीन हजार, म्हणजे वर्षाला ३६ हजार ठरवले. आणि ६२ ते ७२ वयाच्या बायकांसाठी? वर्षाला २० हजार. साठी ओलांडली की बाईची किंमत जवळजवळ निम्म्यावर. न्यायालयाचा हेतू चांगला होता, वाढच केली होती त्यांनी. पण ज्या घरात दोन्ही सुना कामाला जातात आणि पासष्ट वर्षांची सासू दोन नातवंडं, गॅसवाला, दूधवाला आणि आजारी नवरा सांभाळते, त्या घरात या हिशोबाला कुणी हसेल. २०१० च्या आणखी एका निकालात न्यायमूर्तींनी दाखवून दिलं की जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायका काम न करणाऱ्यांच्या रकान्यात, भिकारी आणि कैद्यांच्या शेजारी टाकल्या होत्या. त्यांनी त्यावर नाराजीही व्यक्त केली. म्हणजे मोजणाऱ्यालाही लाज वाटावी अशी मोजणी.

आकडा हवाच असेल तर तो सरकारचाच घेऊ. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यावर घालवतात असं निघालं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पाच तासांना थोडी कमी. आक्काने चौदाव्या वर्षी चूल हातात घेतली आणि पंच्याऐंशीपर्यंत सोडली नाही. एकाहत्तर वर्षं. आठ तासांचा दिवस आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर नुसत्या घरकामाची बावन्न वर्षांची पूर्णवेळ नोकरी भरते. शेत, गुरं, खडी, बाळंतिणी, लग्नाच्या पंगती यात धरलेल्या नाहीत. शिवाय ही आजची सरासरी आहे, गॅस आणि नळ आलेल्या काळातली. जात्यावर दळण्याच्या आणि दोन कोसांवरून पाणी आणण्याच्या काळातली नाही. बावन्न वर्षं सरकारी नोकरी केलेला शिपाई कुठे सापडायचा नाही, कारण त्याला अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी नारळ देऊन घरी बसवतात. आणि पेन्शन देतात.

आता पेन्शनकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'चे फॉर्म भरायची झुंबड उडाली. आमच्या सोप्यात नातू मोबाइल घेऊन बसला होता आणि वाड्यातल्या सगळ्या सुना, नाती रांगेत. महिन्याला १५०० रुपये. आक्का पलंगावरून म्हणाली, "माझा बी भर की रं." नातू हसून म्हणाला, "आक्का, लाडकी व्हायला लई म्हातारी झालीस तू." सगळे हसले, तीही हसली. पण नियम तसाच आहे. वय २१ ते ६५. आधी साठच होतं, मग पाच वर्षं वाढवलं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं. म्हणजे चौसष्ट वर्षांची बहीण लाडकी आणि सहासष्ट वर्षांची? तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे असं उत्तर मिळतं. तीत रक्कम तेवढीच, १५०० रुपये. पण उत्पन्नाची अट बघा: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. रोजचे अठ्ठावन्न रुपयेही नाहीत. एवढ्या उत्पन्नात आज कुठलंच कुटुंब जगत नाही, तरी दाखला काढावा लागतो. म्हणून गावात ज्याची ओळख त्याचा दाखला. ज्या बाईला काल अडीच लाखांच्या आतल्या घरात राहते म्हणून पैसे मिळत होते, तिला पासष्टावा वाढदिवस झाला की तेच घर फार श्रीमंत झालं म्हणून नाही म्हणायचं. या दोन आकड्यांच्या मधली जी दरी आहे, २१ हजार ते अडीच लाख, तिच्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक आज्या राहतात.

आणि वयाचा पुरावा? आक्काच्या आधारकार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९३८. त्या पिढीतल्या आमच्या गावच्या किती बायका १ जानेवारीला जन्मल्या हे बघितलं तर ज्योतिष्याला कामच उरणार नाही. पत्रीसरकारच्या आठवणीचा हिशोब लावला तर ती निदान चार-पाच वर्षांनी मोठी होती. त्याहून वाईट म्हणजे बोटं. शेवटच्या वर्षांत बँकेत आणि रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठायचा नाही. मशीनवर ठेवायचा, पुसायचा, थुंकी लावायची, पुन्हा ठेवायचा. "आज्जीचं थंब लागत नाय, दुसऱ्याला पाठवा," असं काउंटरवरचा पोरगा म्हणायचा. तव्यावरची भाकरी हाताने उलटून, खुरपं धरून, राखेने भांडी घासून बोटांवरच्या रेघा गेलेल्या. मशीनचा दोष नाही. त्याला रेघा लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पासष्ट वर्षांवरच्या प्रत्येक बाईला, तिच्या मुलाचं उत्पन्न न विचारता, पेन्शन मिळाली पाहिजे. आयकर भरणाऱ्या किंवा स्वतःची निवृत्तीवेतनं असलेल्या बायका वगळा, हरकत नाही. पण मुलाचं उत्पन्न विचारू नका. मुलाचं उत्पन्न हे आईचं उत्पन्न आहे असं गृहीत धरणारा नियम ज्याने केला त्याने एखाद्या म्हातारीला सुनेकडे मिसरीसाठी दहा रुपये मागताना बघितलेलं नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्याकडे मुलाविरुद्ध अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. कायदा चांगला आहे. पण मुलाचं नाव अर्जदाराच्या विरुद्ध बाजूला लिहायला जी आई तयार होते, ती आधीच रस्त्यावर आलेली असते. बाकीच्यांसाठी दर महिन्याला कुणाच्याही तोंडाकडे न बघता येणारे पैसे हाच उपाय.

पैसे कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. पण तो प्रश्न दोन कोटींहून जास्त बहिणींना पैसे वाटताना निवडणुकीआधी कुणी अडवून धरला नव्हता. पैसा नाही असं नसतं, क्रम ठरलेला असतो. आणि त्या क्रमात आज्जी कुठे आहे हे नियमाच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेलं आहे. एसटीचा प्रवास पंचाहत्तरीनंतर मोफत केला, चांगलं केलं. पण गुडघे गेल्यावर एसटीच्या पायऱ्या चढायच्या कशा, आणि चढून जायचं कुठे? भाऊ वारले, माहेर संपलं.

माझ्या एका मैत्रिणीचा, आयुष्यभर स्त्रियांच्या संघटनेत काम केलेल्या बाईचा, आक्षेप वेगळा आहे आणि तो मला जास्त टोचतो. ती म्हणते, तू या कामाला पैसे लावलेस की ते बायकांचंच काम आहे यावर शिक्कामोर्तब झालं. पुरुष म्हणणार, तुला पेन्शन मिळते ना, मग कर. तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. आक्काच्या घरात मी ते बघितलंय. शेवटची तीन वर्षं आक्का अंथरुणाला खिळली होती. तिचं अंघोळ-पांघरूण, हागणं-मुतणं, कूस बदलणं, मऊ भात भरवणं सगळं थोरल्या सुनेनं केलं, त्याच सुनेनं जिला आक्कानं दहा वर्षं बोलून घेतलं होतं. वहिनी स्वतः एकसष्ट वर्षांच्या. गुडघे त्यांचेही गेलेले. तीन मुलं, एक चेअरमन, एक मास्तर, एक गलाईत. त्यातल्या एकाही मुलाने आईची कूस बदलल्याचं मला आठवत नाही. सात भाषणांत वहिनींचं नाव एकदाही आलं नाही. त्यागमूर्तीची जागा रिकामी झाली की घरातली पुढची बाई त्यात बसते, बस्स. तेव्हा मैत्रिणीला मी एवढंच म्हणतो की पेन्शन कामाच्या बदल्यात नको, म्हातारपणाच्या हक्काने हवी. आणि मुलांना कूस बदलायला शिकवणारी योजना सरकार काढू शकत नाही, ते आपल्यालाच करावं लागेल.

मालमत्तेचं मात्र सरकारला करता येतं, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. दोडामार्ग ओलांडा. गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते. अर्धी तिची. नवऱ्याने दिलेली, कौतुकाने नावावर केलेली नव्हे. लग्न झालं त्या दिवसापासूनची. तिच्या संमतीशिवाय त्याला घर विकता येत नाही. तो वारला तर आधी तिचा अर्धा वेगळा काढतात आणि मग उरलेल्या अर्ध्याचे वारस बघतात. कारभार नवऱ्याकडे ठेवणारा तो कायदा काही स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा नाही. पण पाया बघा: संसार दोघांनी केला, तर मिळकत दोघांची. आमच्याकडे पाया उलटा आहे. मिळकत त्याची, आणि तो गेल्यावर मुलांच्या रांगेत एक वाटा तिलाही.

महाराष्ट्रात हे कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं आणि पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' काढली. नवऱ्याने हयातीत, राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर जणांनी केली ते गाव लक्ष्मीमुक्त. कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्याला जोशी सांगत होते की तूही कुणाचं तरी देणं लागतोस, ते आधी फेड. मला हा विचार फार धारदार वाटतो. त्यात 'त्याग' नाही, 'देणं' आहे. ऋण. आणि ऋण तोंडी फिटत नाही. शेकडो गावांत ते झालं, सरकारनेही नियम सोपे केले. पुढे ते विरलं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घर दोघांच्या नावे लावायची सोयही केव्हाची आहे. किती ग्रामपंचायतींत लावलंय ते आपापल्या गावात नमुना आठ काढून बघावं.

२०२४ च्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा नियम महाराष्ट्राने केला. चांगलं आहे. पण नावात नाव घालणं आणि उताऱ्यावर नाव घालणं यातलं पहिलं आपण पटकन स्वीकारलं, कारण त्यात एक गुंठाही हलत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. ती निवृत्त नाही, कारण ती नोकरीलाच नव्हती. पस्तीस वर्षं घर, माझे आईवडील, दोन मुलं आणि सोसायटीच्या गणपतीची वर्गणी सांभाळते आहे. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आपला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?"

माझ्या. एकट्याच्या. नॉमिनी म्हणून तिचं नाव आहे, असं मी म्हणालो.

"नॉमिनी म्हणजे तू मेल्यावर," ती म्हणाली. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, हे मला माहीत होतं; मीच चार लोकांना सांगितलेलं आहे. ती उठून आत गेली आणि कपाटातून घराच्या कागदांची फाईल आणून माझ्या लॅपटॉपवर ठेवली. म्हणाली, सोमवारी वकिलाला फोन कर, मंगळवारी मला भिशी आहे.